बाह शानबोरच्या कॅसेटबद्दल लुमशिंग वस्तीचं मत

लामबोक वाहलांग खोटं बोलण्यात कच्चा आहे हे त्याच्या बायकोला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्याला स्वतःला ते कळायला एकोणीसशे त्र्याण्णवचा ऑक्टोबर उजाडावा लागला.

रविवार होता. चर्चहून येऊन सगळे जेवायला बसले होते. काळ्या तिळातलं डुकराचं मटण होतं, भात होता, आणि समोर मेहुणे होते. मेहुणे म्हणजे त्याच्या बायकोचे, थेइलिनचे, थोरले भाऊ, बाह शानबोर खारकोंगोर. बाह म्हणजे दादा; बायकांना तसंच काँग म्हणतात, म्हणजे ताई. लामबोक सगळ्या खासी नवऱ्यांसारखा बायकोच्या घरी राहत होता, आणि त्या घरात बायकोच्या भावाच्या शब्दाला केवढं वजन असतं हे शिलाँगमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. तराजूच्या एका पारड्यात तो शब्द ठेवला आणि दुसऱ्यात नवऱ्याचे दहा शब्द ठेवले, तरी काटा हलत नाही. लामबोक वजन-मापे खात्यात निरीक्षक होता, त्यामुळे ही गोष्ट त्याला इतरांपेक्षा जरा जास्तच अचूक माहीत होती.

त्यातून बाह शानबोर नुसते मेहुणे नव्हते. अठरा वर्षं ते ‘द नाइन टर्न्स’ या बँडचा आवाज होते. सॉफ्ट रॉक गाणारा असा बँड डोंगरात दुसरा नाही, असं लोक म्हणत. गिटार, पियानो, मागे हळूच वाजणारे ड्रम, आणि कुणीतरी कुणालातरी सोडून निघालंय अशी गाणी. शहरातल्या निम्म्या लग्नांत हा बँड वाजला होता, आणि उरलेल्या निम्म्या लग्नांना तारीख मिळाली नव्हती. गेल्या वर्षी बँड आपोआप विरघळला. कुणी दुबईला गेलं, कुणी पावाची बेकरी टाकली, कुणाला संधिवात झाला. मग बाह शानबोरनी एकट्याने कॅसेट काढली. आठ गाणी, बहुतेक सगळी नुसत्या गिटारवर. नाव ‘संडे विदाउट शूज’. वेष्टनावर त्यांच्याच अनवाणी पावलांचा फोटो होता. तो पाहून थेइलिनने फक्त एवढंच विचारलं होतं, की फोटो काढण्यापूर्वी नखं कापायला काय झालं होतं.

ही कॅसेट त्यांनी आदल्या रविवारी लामबोकच्या हातात ठेवली होती. लामबोकने ती त्याच संध्याकाळी मोठ्या श्रद्धेने लावली. पहिलं गाणं ऐकलं. दुसऱ्याच्या मध्यावर तो झोपला. मंगळवारी त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा तिथेच झोपला. गुरुवारी त्याने उभं राहून ऐकायचं ठरवलं. तेव्हा थेइलिनला तो कपाटाला टेकून घोरताना सापडला.

आता बाह शानबोरनी भाताचा घास थांबवून विचारलं, “कॅसेट कशी वाटली, लाम?”

“उत्तम,” लामबोक म्हणाला. इथे थांबला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कच्च्या माणसाला खोटं अपुरं वाटतं, तो त्याला आधार लावत जातो. “म्हणजे मी एकटाच म्हणतो असं नाही. वस्तीत सगळ्यांना आवडलीय.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?”

लामबोकने पाण्याचा ग्लास उचलला, संपवला, पुन्हा भरला. थेइलिन त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या ओठाचा डावा कोपरा किंचित वर गेला होता.

“नावं पुष्कळ आहेत, बाह शान,” तो म्हणाला. “मी तुम्हाला लेखीच आणून देतो.”

लेखी हा शब्द त्याच्या तोंडून सव्वीस वर्षांच्या नोकरीमुळे बाहेर पडला. कचेरीत कुठल्याही अडचणीच्या प्रश्नाला तो हाच शब्द टाकायचा, आणि प्रश्न महिना-दोन महिने गप्प बसायचा. पण बाह शानबोर कचेरीतले नव्हते. त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, याहून चांगलं काय, पुढच्या महिन्यात दे.

सोमवारी लामबोकने दोनशे पानी वही विकत घेतली, कॅसेटच्या चार प्रती करून घेतल्या आणि कामाला लागला. तीन प्रती त्याने वस्तीत घरोघर फिरायला सोडल्या आणि चौथी काँग सिल्बीच्या चहाच्या टपरीवर दिली. तिथे सकाळी सिटी बसचे ड्रायव्हर चहा प्यायला यायचे. काँग सिल्बीने दिवसभर कॅसेट लावली. पहिल्या दिवशी ड्रायव्हर म्हणाले, गोड आहे. दुसऱ्या दिवशी ते चहा निवेपर्यंत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सात पस्तीसची बस आठ वाजून दहा मिनिटांनी सुटली, आणि शाळेची मुलं भिजत उभी राहिली. तेव्हा मुलांच्या आया टपरीवर आल्या आणि काँग सिल्बीला जे म्हणाल्या, ते वहीत लिहिता येण्यासारखं नव्हतं. काँग सिल्बीने लामबोकला कॅसेट परत केली आणि सांगितलं, की माल चांगला आहे, पण सकाळी द्यायचा नाही, हे झोपण्यापूर्वीचं औषध आहे.

वहीत मात्र सगळं आलबेल होतं. लामबोक घरोघर गेला. प्रत्येक घरी त्याला चहा आणि पान-सुपारी मिळाली, आणि प्रत्येकाने ‘फार छान’ असं लिहून खाली सही केली. चाळीस घरं, चाळीस ‘फार छान’. शनिवारी रात्री वही चाळताना लामबोक अस्वस्थ झाला. एका रस्त्यावरच्या चाळीस दुकानदारांचे तराजू जर केसभरही न चुकता जुळले, तर निरीक्षकाने काय समजायचं? लोक गाण्याबद्दल लिहीत नव्हते. काँग थेइलिनचा भाऊ आहे, म्हणून लिहीत होते. आणि चहाचा कप हातात घेऊन समोर बसलेल्या जावयाला ‘रटाळ आहे’ कोण लिहून देणार?

खोटं लपवायला निघालेला माणूस इथे वही मिटून मोकळा झाला असता, कारण त्याला हवं ते मिळालं होतं. पण लामबोकच्या अंगात निरीक्षक होता, आणि चुकीचं माप पाहिल्यावर त्या निरीक्षकाला जेवण जात नसे. त्याने ठरवलं, की नाव न लिहिता भरायचा छापील फॉर्म काढायचा.

फॉर्म त्याने कचेरीतच तयार केला, जेवणाच्या सुट्टीत, स्टेन्सिल कापून. प्रश्न मोजके आणि काटेकोर होते. गाणी वजनाला जड, हलकी की बरोबर? लांबीला जास्त, कमी की बरोबर? मालात काही भेसळ आढळली काय? एकंदर माल आवडला की नावडला? मसुदा त्याला अतिशय सुबक वाटला. दोनशे प्रती निघाल्या आणि रविवारी चर्चच्या वेळात प्रत्येक दाराखालून आत सरकवल्या गेल्या. एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. स्टेन्सिल अर्धी वापरलेली होती, आणि तिच्या माथ्यावर खात्याचं नाव, राजमुद्रा आणि ‘तपासणीपूर्व सूचना’ हे शब्द तसेच शिल्लक होते.

सोमवारी लुमशिंगमधला खाटीक दुकान बंद करून आजारी मावशीला भेटायला गेला. भाजीवाल्या बायकांनी आपली वजनं धुऊन पुसून ओळीने मांडून ठेवली. किराणावाल्याने फॉर्मवर ‘जड, हलकं काही नाही, बरोबर आहे, देवाची शपथ’ असं लिहून दिलं. एका म्हाताऱ्या शिंप्याने आपला मापाचा फिता फॉर्मला टाचून पाठवला आणि सोबत चिठ्ठी जोडली, की हा तीस वर्षांपूर्वीचा आहे, थोडा ताणला गेला असेल तर त्यात त्याचा दोष नाही.

मंगळवारी साहेबांनी लामबोकला बोलावलं. साहेब मनाने भले होते, पण खात्याच्या राजमुद्रेखाली ‘चौथं गाणं ऐकताना कंटाळा आला काय?’ असा प्रश्न त्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी लेखी खुलासा मागितला. लामबोकने चार पानी खुलासा दिला. साहेबांनी त्यावर शेरा मारला, की मूळ वस्तू तपासल्याशिवाय प्रकरणाचा निकाल देता येत नाही. तेव्हा फाइलला दोऱ्याने कॅसेट बांधून पाठवली गेली. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती साहेबांच्या खोलीत वाजली. गुरुवारी बारनिशीच्या टेबलाने आस्थापनेच्या टेबलाशी बोलणं बंद केलं, कारण एका टेबलाचं म्हणणं होतं की शानबोर आता कुठे खरं गायला लागलाय, आणि दुसऱ्याचं म्हणणं होतं की शानबोर संपला. साहेबांनी स्वतः दीड पानी टिपण लिहिलं. त्यात त्यांनी लामबोकला ताकीद दिली, आणि पुढचं सव्वा पान बँडमधल्या जुन्या पियानोची आठवण काढली. ते वाचून लामबोकला प्रथमच कळलं, की साहेबांनी तरुणपणी एका मुलीला मागणी घालायला ‘नाइन टर्न्स’चं गाणं वापरलं होतं आणि मुलगी नाही म्हणाली होती.

हे सगळं निभावलं असतं. निभावलं नाही ते वस्तीच्या मुखियांकडे. बाह स्टेडफास्ट रिंजा बावीस वर्षं लुमशिंगचे मुखिया होते. नळाची पाळी, कुत्र्यांचं भुंकणं आणि दोन घरांमधली पन्हाळ, हे सगळं त्यांच्या दरबारात, म्हणजे वस्तीच्या पंचायतीत, मिटायचं. ते शुक्रवारी आले, खुर्चीवर बसले, पान खाल्लं, आणि मग अत्यंत शांतपणे म्हणाले की जनगणनेचे लोकसुद्धा आधी त्यांना विचारून वस्तीत पाऊल टाकतात. या वस्तीत माणसं मोजायची असोत की त्यांची मतं, मुखियांना कळवल्याशिवाय ते होत नाही. आता वस्तीत वाद पेटलाय. बेकरीवाल्या किनसायने मिस बिनालिनला पाव द्यायचं नाकारलंय. तेव्हा प्रकरण दरबारापुढे येणार.

लामबोक गार पडला. बेकरीवाला किनसाय खोंगविर हा ‘नाइन टर्न्स’चा ड्रमवाला. मिस बिनालिन चर्चच्या गायकवृंदाला सा-रे-ग शिकवायच्या. नवी कॅसेट त्यांना इतकी आवडली होती, की त्यांनी बेकरीच्या दारात उभं राहून सांगितलं, ड्रमचा धडधडाट गेल्यामुळे शानबोरचे शब्द तीस वर्षांत प्रथमच ऐकू आले. बँड फक्त अठरा वर्षं चालला होता. पण त्या धडधडाटाबद्दल बोलत होत्या, आणि मोजण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या भिंतीवर नोटीस लागली. विषय: बाह शानबोर यांची गाणी. आक्षेप असणाऱ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता हजर राहावे. आता दरबारात बसायचं ते पुरुषांनी, असा रिवाज. ते कळताच वस्तीतल्या बायका मुखियांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, की जमिनीचं, पाण्याचं तुम्ही बघा, पण गाणी आम्हीही ऐकतो, आणि स्वयंपाक करताना तुमच्यापेक्षा जास्त ऐकतो. मुखियांनी रात्रभर विचार केला. सकाळी नोटिशीतला ‘दरबार’ हा शब्द खोडून तिथे ‘बैठक’ लिहिलं. बावीस वर्षांत त्यांनी एखाद्या शब्दावर काट मारण्याची ही पहिलीच वेळ होती, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगत सुटली.

बैठकीच्या दिवशी सकाळी लामबोकने जेवायला नको म्हटलं. थेइलिनने त्याच्यासमोर तरीही ताट ठेवलं आणि स्वतः समोर बसली.

“एक गोष्ट तुला सांगितली नव्हती,” ती म्हणाली. “बाह शानने मला सांगितलंय. दहांतल्या तिघांना तरी कॅसेट आवडली तर तो दुसरी काढणार. नाहीतर गिटार कपाटावर टाकणार आणि बायकोच्या घरच्या बटाट्याच्या वखारीत बसणार. वखारीत त्याच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवलीय त्यांनी.”

लामबोकच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची उभी राहिली. तिच्यावर बाह शानबोर, मागे पोती, आणि समोर सरकारी शिक्क्याचा मोठा तराजू, जो दरवर्षी तपासायला त्यालाच जावं लागणार.

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“आधी सांगितलं असतं तर तू आणखी चाळीस ‘फार छान’ आणले असतेस,” थेइलिन म्हणाली. “भावाला मी ओळखते. त्याला खरं हवंय. जेव आता.”

तो जेवला. चव लागली नाही, पण जेवला.

शाळेचा हॉल दोन वाजायच्या आधीच भरला. मोठी माणसं पहिलीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. लामबोकने भरून आलेले फॉर्म दोरीने बांधून मांडीवर ठेवले होते. खाटीक मावशीकडून परत आला होता आणि हे वजनांचं प्रकरण नाही असं कळल्यामुळे तो सगळ्यांत आनंदी दिसत होता. बाह शानबोर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. त्यांना यातलं काही कळलं नसेल, याच एका विचारावर लामबोक तग धरून होता.

मुखियांनी सुरुवात केली. एकेकाने उठायचं, बोलायचं, बसायचं. तसं कुणीच केलं नाही. एक शिक्षक म्हणाले की पूर्वी शानबोरचं गाणं ऐकलं की माणूस आपल्या दुःखातून बाहेर यायचा, आता ऐकलं की शानबोरच्या दुःखात जाऊन अडकतो. त्यावर खाटीक म्हणाला की तेच तर छान आहे, दुकानात दिवसभर एकट्याने बसणाऱ्याला सोबत होते. कुणी म्हणालं, वरच्या पट्टीतला तो जुना लांब सूर कुठे गेला? त्या सुरासाठी आम्ही लग्नात थांबायचो. कुणी उत्तर दिलं, तू जेवणासाठी थांबायचास. काँग सिल्बीने आपलं झोपेच्या औषधाचं मत पुन्हा मांडलं आणि पुरावा म्हणून सात पस्तीसच्या बसचा ड्रायव्हर उभा केला. ड्रायव्हर लाजून म्हणाला की झोप नव्हती ती, आईची आठवण आली होती. यावर हॉल आणखी जोरात भांडायला लागला.

मिस बिनालिन उठल्या. त्यांनी शब्द ऐकू येण्याचा मुद्दा पुन्हा मांडला, आणि पाव मिळत नसल्याचंही नमूद केलं.

तेव्हा किनसाय उठला. पिठाने पांढरे झालेले हात त्याने धुतले नव्हते. त्याचा आवाज मोठा नव्हता. “तुम्ही सगळे म्हणता, ड्रम हवे होते, ड्रम नको होते. अठरा वर्षं त्याच्या मागे मी बसलो होतो. त्याने श्वास कुठे घ्यायचा ते मला त्याच्या आधी कळायचं. त्याने ड्रम काढले म्हणजे मला काढलं. आणि त्याने मला विचारलंसुद्धा नाही. एवढंच मला म्हणायचंय. पावाचं म्हणाल तर मिस बिनालिनना उद्यापासून देईन.”

तो खाली बसला. मागच्या खिडकीपाशी एक बाक करकरलं आणि ओली टोपी हातात घेतलेला एक माणूस उठला. बाह शानबोर.

लामबोकच्या मांडीवरचे फॉर्म खाली पडले. सगळा हॉल मागे वळला. बाह शानबोर किती वेळापासून तिथे होते कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या पायाशी पाण्याचं थारोळं साचलं होतं, म्हणजे बराच वेळ झाला असावा.

“किनसाय,” ते म्हणाले, “मी तुझ्या बेकरीपर्यंत दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा तू भट्टीपाशी होतास आणि गुणगुणत होतास. मला वाटलं, हा इतका सुखात आहे, याला पुन्हा या भानगडीत कशाला ओढायचं. म्हणून पाव घेऊन परत गेलो.”

“दोनदा पाव नेलास आणि विचारलं नाहीस?”

“हो.”

“भित्रा आहेस,” किनसाय म्हणाला, आणि त्याने पिठाच्या हातानेच डोळे पुसले. त्यामुळे तो इतका विचित्र दिसायला लागला की पुढच्या बाकावरची बाई हसली, मग तिच्या शेजारची हसली, आणि शेवटी किनसायसुद्धा हसला.

बाह शानबोर पुढे आले. मुखियांनी त्यांना आपली खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. “अठरा वर्षं मी लग्नांत गायलो,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे जेवत होता. जेवून झालं की मला ‘छान’ म्हणायचात आणि हात धुवायला जायचात. मी तक्रार करत नाही, मटण चांगलं असायचं. पण माझ्या गाण्यावरून कुणी कुणाचा पाव बंद केलाय, असं आजपर्यंत झालं नव्हतं. मी मागे बसून ऐकत होतो. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.”

मग त्यांनी लामबोककडे पाहिलं. “लाम, तू लेखी आणतो म्हणाला होतास.”

लामबोकने जमिनीवरून फॉर्म गोळा केले. त्या क्षणी त्याला दोन आकडे सुचले, एक खरा आणि एक सुंदर. सुंदर आकडा म्हणायला फार सोपा होता. त्याने घसा साफ केला आणि खरा वाचला. दोनशे फॉर्म वाटले. शहाऐंशी परत आले. त्यांतले एकोणीस तराजू, वजनं आणि एका फित्याबद्दल आहेत. उरलेल्या सदुसष्टांत आवडली म्हणणारे एकोणतीस, नावडली म्हणणारे अडतीस.

हरलेल्या बाजूचे खाली बघू लागले, आणि आश्चर्य म्हणजे जिंकलेल्या बाजूचेही. बाह शानबोर बोटांवर हिशेब करत होते. त्यांचं गणित पूर्वीपासून अधू, म्हणून थेइलिननेच बायकांच्या बाजूने उठून सांगितलं, “दहांत चार. तुला तीन हवे होते.”

“चार,” बाह शानबोर म्हणाले. “चारपेक्षा थोडे जास्तच.” ते आता कुठे खुर्चीत बसले, आणि बसताना त्यांनी सोडलेला निःश्वास सगळ्यांनी ऐकला. “मग वखारीतली खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगतो.”

आता सभा संपवायची, एवढंच उरलं होतं. पण बाह स्टेडफास्ट यांच्या कामात अर्धवटपणा चालत नसे. त्यांनी विचारलं की या सदुसष्टांत स्वतः लामबोकचा फॉर्म कुठला. लामबोक म्हणाला, तो भरलेला नाही. का भरलेला नाही? लामबोकने सगळ्यांकडे पाहिलं, मेहुण्यांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. तीन आठवडे त्याने खोट्याला आधार लावले होते. आता त्याला त्याचा कंटाळा आला होता.

“मी दुसऱ्या गाण्याच्या पुढे गेलेलोच नाही,” तो म्हणाला. “झोप लागते. उभं राहूनसुद्धा लागते.”

असा हशा लुमशिंगच्या शाळेत पूर्वी कधी झाला नसेल. साहेबांनी ताकीद दिली तेव्हा लामबोकला इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं, पण गंमत अशी की त्याच वेळी त्याला हलकंही वाटलं. बाह शानबोर तर हसता हसता खुर्चीवरून घसरले. मुखियांनी टेबलावर हात आपटून शांतता केली आणि निकाल दिला. ज्या माणसाने सगळ्या वस्तीला मत द्यायला लावलं, त्याने आधी माल पुरता ऐकला पाहिजे. आत्ता, इथे, आठही गाणी. आणि तो झोपू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जण बसवला जाईल.

उजवीकडे खाटीक बसला, डावीकडे काँग सिल्बी. शाळेतली तारा सैल झालेली गिटार आणली गेली. बाह शानबोरनी ती जुळवली आणि गायला सुरुवात केली. पहिलं गाणं नुसत्या गिटारवर झालं. दुसऱ्यात लामबोकची मान कलंडली तेव्हा काँग सिल्बीने कोपर मारला. तिसऱ्यात किनसायची बोटं बाकाच्या लाकडावर हळूच हलायला लागली. मिस बिनालिननी नापसंतीचा हुंकार दिला. चौथ्यात किनसायने एक रिकामी खडूची पेटी ओढून घेतली. पाचव्यात मिस बिनालिन मागे वळून वळून त्याला खुणेने सांगत होत्या की इथे वाजव, इथे नको, शब्द जाताहेत, आणि तो मुकाट्याने त्यांचं ऐकत होता. सातव्यात बायकांनी मागून सूर धरला. आठव्यात खिडकीबाहेर छत्र्यांची रांग लागली होती, आणि लामबोक टक्क जागा होता. कुणाला कोपर मारावा लागला नव्हता. आपण डोळे का पुसतोय ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने ते खाटकाच्या खांद्याला पुसले, आणि खाटकाने पुसू दिले.

गाणं संपल्यावर सगळे त्याच्याकडे बघत राहिले. लामबोक उभा राहिला. त्याने कोटाची बटणं लावली. आयुष्यात प्रथमच त्याच्याकडे एक मत होतं, आणि ते पूर्ण तपासणीनंतरचं होतं.

“चांगली आहे,” तो म्हणाला. “खरंच चांगली आहे. फक्त सहावं गाणं थोडं लांब आहे.”

मग खाटीक त्याच्यापासून दूर सरकला. ड्रायव्हर ओरडला की सहावं तर सगळ्यांत सुंदर आहे. शिक्षक म्हणाले, निदान एकाला तरी अक्कल आहे. किनसायचं म्हणणं पडलं की लांब नाही, मध्ये चार ठोके हवेत. मिस बिनालिन म्हणाल्या, दोनच. मुखियांनी टेबल आपटलं, मग ते सोडून दिलं आणि स्वतःच सांगायला लागले की त्यांना शेवटचं कडवं कळलेलं नाही. या सगळ्याच्या मधोमध बाह शानबोर लामबोकची दोनशे पानी वही मांडीवर घेऊन बसले होते. ‘फार छान’वाली पानं उलटून मागच्या कोऱ्या पानावर ते भराभर लिहीत होते. चेहरा असा, की कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, याचं आजच लग्न लागलंय.

संध्याकाळी लामबोक आणि थेइलिन एका छत्रीतून घराची चढण चढत होते. त्याची कॉलर ताठ होती. वळणावर त्याने, जरा कौतुकाच्या अपेक्षेने, विचारलं की त्याचं मत तिला कसं वाटलं.

“सहावं अजिबात लांब नाही,” थेइलिन म्हणाली. “तुझे कान आखूड आहेत.”

त्याने तिला ते गाणं किती मिनिटांचं आहे ते सांगितलं. तिने त्याला सांगितलं की गाणं घड्याळाने मोजायचं नसतं. तो म्हणाला, मग कशाने मोजायचं ते लेखी दे. घर आलं, तरी दोघं फाटकाबाहेर उभे राहून भांडत होते.